रोएलनं ओळखलं होतं का?

देल्फिना बारिएन्तोसच्या हातचं ज्यानं खाल्लं नाही, असा चाळिशीच्या आतला माणूस आमच्या सौसालात शोधूनही सापडायचा नाही. सरकारी प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली. डोक्याला जाळी, अंगावर पांढरा एप्रन, हातात पळी. पोरं तिला मिस फिना म्हणायची. कुणाला घेवडा चालत नाही, कोण घरून उपाशी आलंय, कोण आपलं दूध जाकिटात लपवून धाकट्या बहिणीला नेतंय, हे तिला ठाऊक असायचं आणि ती बोलायची नाही. दूध लपवणाऱ्याच्या ताटात गुपचूप दुधाचा दुसरा डबा सरकवायची. तो दूधवाला पोरगा म्हणजे रोएल साल्दान्या. एकदा ओल्या फरशीवर धावताना पडून त्याची भुवई फुटली होती. फिनानं त्याला मांडीवर घेऊन बर्फ दाबून धरला होता, आणि एप्रन रक्तानं भरला म्हणून मुख्य बाईंची बोलणीही खाल्ली होती.

फिनाचा जन्म सौसालचाच, म्हणजे नदीच्या अलीकडचा, टेक्ससातला. पण तिची आई पलीकडची, मेक्सिकोतल्या पाल्मितोची. त्या काळी कळा सुरू झाल्या की पाल्मितोच्या बायका नावेत बसून अलीकडं यायच्या, कारण आमची सुईण दोन्या एर्लिंदा, म्हणजे एर्लिंदाबाई, हाताला चांगली होती. चर्चमागच्या गल्लीत, एर्लिंदाच्या हातावर फिना जन्मली आणि एर्लिंदानं इथल्या कचेरीत तिचं नाव लावलं. पुढं बाप लेकरू घेऊन पाल्मितोला गेला, तर तिथल्या कचेरीतही त्यानं 'इथंच झाली' म्हणून दुसरी नोंद करून टाकली. का, तर तिथल्या शाळेत घालायला अडचण नको. यात लबाडी आहे असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. आमचे सोयरे दोन्ही काठांवर, पुरलेली माणसं दोन्ही काठांवर. मग एका पोरीच्या दोन नोंदी झाल्या तर आभाळ कोसळतं का? निम्म्या गावानं हा घोळ करून ठेवलाय. माझ्या घरातही दोघं आहेत, नावं सांगत नाही.

सातव्या वर्षी फिना मावशीकडं अलीकडं आली ती कायमची. निकानोरशी लग्न झालं. तो संत्र्यांच्या वखारीत यंत्रं दुरुस्त करायचा, आणि तोही एर्लिंदाच्याच हातचा. पंचविशीतच दोघं एकमेकांना 'म्हाताऱ्या' आणि 'म्हातारे' म्हणायला लागली, आमच्याकडची रीतच ती. दोघांचं भांडणही ठरलेलं होतं. निकानोरला सगळं जग चांगलं दिसायचं. ट्रकचं चाक चोरीला गेलं तर म्हणायचा, "बिचाऱ्याला गरज असेल." फिना म्हणायची, "गरज मलाही आहे, मी कुणाची चाकं काढते का?" या एकाच विषयावर त्यांनी पस्तीसेक वर्षं संसार केला आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही.

मग पाल्मितोत फिनाची आई गेली. पूर्वी पुलावर नुसतं "अमेरिकन" म्हटलं की हात हलवून सोडायचे. त्या वर्षीपासून पासपोर्ट लागायला लागला होता, तो फिनानं नवाकोरा काढून घेतला होता. आईला माती दिली, नऊ दिवसांची प्रार्थना संपवली आणि काळ्या कपड्यांतच ती सकाळी परत निघाली. पुलाच्या अलीकडच्या टोकाला काचेमागच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, पडद्यावर काही वाचलं आणि तिला मागच्या खोलीत बसवलं.

खोलीत आला तो रोएल. निळा गणवेश, छातीवर आडनावाची पट्टी आणि डाव्या भुवईतून गेलेला तो पांढरा वण. फिनानं त्याला पाहताक्षणी ओळखलं. तिला हायसं वाटलं. आपलंच पोर आहे, आता पाच मिनिटांत घरी.

"मॅम, तुमचा जन्म कुठं झाला?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"सौसालला."

"पुन्हा सांगा."

"सौसालला, बाबा. चर्चमागं."

त्यानं पाल्मितोच्या नोंदीची नक्कल टेबलावर ठेवली. "इथं तर पाल्मितो लिहिलंय. पैसे घेऊन पलीकडची पोरं इथली म्हणून लावणाऱ्या सुइणी बऱ्याच निघाल्यात. हा कागद खोटा, की सुईणीचा खोटा?"

"दोन्ही खरे आहेत," फिना म्हणाली.

हे उत्तर आमच्याकडच्या माणसाशिवाय जगात कुणी देणार नाही. फिनाला ते अगदी सरळ वाटत होतं. जन्म एकीकडं, शाळा एकीकडं, दोन्ही खरंच. पण दारात एक वरिष्ठ अधिकारी हाताची घडी घालून उभा होता, तो हसला, आणि रोएलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर त्यानं आवाज चढवला तो उतरवलाच नाही. दुपार गेली. पाणी मागितलं तर मिळालं, फोन मागितला तर मिळाला नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो म्हणाला, "सही करा, की तुमचा जन्म पलीकडं झाला. आज पाल्मितोला जाल. नाही केलीत तर तुरुंग. आणि मग तुमच्या मुलीचे कागदही उघडावे लागतील."

मुलीचं नाव निघालं आणि फिनाचं अवसान गळालं. तिनं सही केली. पासपोर्ट त्यांच्याकडं राहिला आणि ती पूल उतरून पलीकडं गेली.

पण त्या सगळ्या दिवसात तिनं एकदाही "अरे रोएल, मी मिस फिना" असं म्हटलं नाही. का नाही म्हटलं, हे गावानं तिला नंतर शंभरदा विचारलं. तिचं उत्तर एकच. दारात वरिष्ठ उभा. ओळख काढली असती तर पोरगं अडचणीत आलं असतं. आणि दुसरं म्हणजे, ओळख द्यायची असेल तर ती त्यानं द्यावी. आपण होऊन हात पसरायचा तिचा स्वभाव नव्हता.

आईच्या रिकाम्या घरात फिना राहिली ती सव्वा वर्ष. मारिसेला, तिची मुलगी, दवाखान्यात जन्मलेली, म्हणून तिला पुलावर कुणी अडवत नसे. ती रविवारी यायची, कपडे आणि औषधं आणायची. निकानोरला मात्र येणं शक्य नव्हतं. त्याची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती, आठवड्यातून तीनदा यंत्राला लावून रक्त शुद्ध करून घ्यावं लागायचं. पूल ओलांडला आणि परतताना सुईणीच्या त्याच नावावरून त्यालाही खोलीत बसवलं, तर एक फेरी चुकून जीवच जायचा. म्हणून दोघांनी एक सोय काढली. पाल्मितोच्या खाली नदी वळते तिथं ती अरुंद आहे, आणि कुंपण अजून त्या वळणावर पोचलं नव्हतं. संध्याकाळी तो ट्रक घेऊन बांधावर यायचा, ती पलीकडं वाळूत खुर्ची टाकून बसायची. एकमेकांना दिसायची, पण ओरडून बोलायला त्याच्यात दम नव्हता, म्हणून समोरासमोर बसून फोनवर बोलायची.

"म्हातारे, तो हिरवा झगा घातलायस का?"

"निळा आहे. चष्मा पूस."

"जेवलीस?"

"जेवले. तू मीठ खाल्लंस ना आज? खरं सांग. तुझे पाय इथून सुजलेले दिसतात मला."

"नदीपलीकडून तुला सूज दिसते, पण त्या पोराचं मन दिसत नाही."

आणि मग वाद सुरू व्हायचा. निकानोरचं म्हणणं असं की रोएलनं तिला ओळखलंच नसेल. "जाळीशिवाय तुला त्यानं कधी पाहिलंय? काळे कपडे, रडून सुजलेलं तोंड. पासपोर्टात देल्फिना बारिएन्तोस. त्याला काय माहीत मिस फिनाचं आडनाव काय ते? ओळखलं असतं तर सोडलं असतं गं. तुझ्या मांडीवर रडलेलं पोर ते."

"दिवसभर समोर बसला होता निको. दिवसभर. मी त्याला वणावरून ओळखलं, त्याला माझा आवाज ओळखू येऊ नये?"

"तुझा आवाज तेव्हा तुझा होता का? घाबरलेल्या माणसाचा आवाज कुणाचाच नसतो."

"तुझं आपलं काहीतरी. चोराला गरज, अधिकाऱ्याला विसर!"

"पैज लाव. परत आलीस की त्याला जाऊन विचारू, दोघं मिळून. हरलीस तर महिनाभर मला मीठ."

ती हसायची. रोज भांडायची आणि मनातून रोज म्हणायची, की देवा, हा म्हणतो तेच खरं असू दे. ओळखलं नसेल तर ती चूक. चूक माणसाच्या हातून होते. पण ओळखून केलं असेल, तर मग इतकी वर्षं पळीनं आपण काय वाढलं?

वसंतात बांधावरचं येणं कमी झालं. मग ट्रक मारिसेला चालवायला लागली आणि तो शेजारच्या सीटवरून नुसता हात वर करायचा. मग फोनवर नुसता श्वास. एका मंगळवारी मारिसेलानं पूल ओलांडून येऊन सांगितलं. फिना ओरडली नाही, तिनं नुसतं विचारलं, "त्याच्याजवळ कोण होतं?" मुलगी होती, शेजारी होते. बायको नदीपलीकडं होती.

प्रेतयात्रा स्मशानात नेण्याआधी गावानं वळण घेतलं. आमच्याकडं मयत त्याच्या घरावरून नेतात, दारात थोडं थांबतात. पण घरात कोण होतं? म्हणून गाड्यांची सगळी रांग बांधावर नेऊन उभी केली, दिवे लावून. पाद्रीही आला होता. पेटी उतरवून नदीकडं तोंड करून ठेवली. पलीकडं फिना काळ्या कपड्यांत वाळूत उभी होती. पुलावर पाय ठेवला असता तर पकडलं असतं. ती पाण्यात गुडघ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आम्ही सगळे अलीकडं होतो, बांधावर. आता सांगतानाही बरं वाटत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी फिनाचा पासपोर्ट परत आला. सुईणीच्या हातच्या बऱ्याच लोकांना असाच त्रास झाला होता. गरिबांना मोफत मदत करणाऱ्या वकिलांनी त्या सगळ्यांचा मिळून एक दावा लावला होता, त्यात सरकारनं मुकाट्यानं माघार घेतली. टपालानं पासपोर्ट आला, दिलगिरीचा शब्द नव्हता. त्या दाव्यातल्या रेबेका ट्रॉटर नावाच्या वकीलबाई स्वतःच्या गाडीतून तिला घरी घेऊन आल्या. घरात निकानोरची चप्पल दाराशी होती, ती फिनानं हलवली नाही. अंगणातल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर संध्याकाळी ती बसायची. तिला त्याची आठवण यायची ती त्याच्या चेहऱ्याची नव्हे, त्याच्या उलट बोलण्याची. दिवसभरात काहीही झालं, दुकानदारानं सुटे पैसे कमी दिले, कुणी गाडी वाटेत लावली, की ती मनात शिवी घालायची आणि वाट बघायची, आता कुणीतरी म्हणेल, "बिचाऱ्याला गरज असेल." कोणी म्हणायचं नाही. मग घरभर नुसती तिचीच शिवी उरायची.

आणि पैज तशीच राहिली होती.

म्हणून जेव्हा ट्रॉटरबाईंनी विचारलं, "मिसेस बारिएन्तोस, आणखी काही करायचंय का?" तेव्हा फिना म्हणाली, "त्या पोराला समोर बसवायचंय. शपथ देऊन."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. त्यांचं स्पॅनिश मोडकंतोडकं, पण मन लावून बोलायच्या. "सरकारवर दावा वेगळा, त्या माणसावर वेगळा. घटनेनं तुम्हाला हक्क दिलेत, पण केंद्राच्या अधिकाऱ्यानं ते मोडले तर त्याच्याकडून भरपाई मागावी असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. फार पूर्वी एका माणसाच्या घरात केंद्राचे अधिकारी वॉरंटाशिवाय घुसले, बायकोपोरांदेखत त्याला बेड्या घातल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माग त्यांच्याकडून भरपाई, कायदा नसला तरी. तेवढं एक दार उघडलं. पण तेव्हापासून न्यायाधीश ते थोडं थोडं लोटत आणतायत. सीमेचं नाव निघालं की तर फारच."

"फट उरलीय का?"

"बोट जाईल एवढी."

"म्हणजे चेंगरायचं बोटच."

"बहुतेक."

"पण गेलं आत, तर तो समोर बसेल? मी विचारीन त्याचं उत्तर देईल?"

"मी विचारीन. आणि त्याला उत्तर द्यावंच लागेल."

"मग घाला बोट," फिना म्हणाली.

दावा लागला. कागदावर सौसालच्या एका बाईचं नाव आणि समोर सौसालच्याच एका पोराचं. गावात दोन तट पडले. कुणी म्हणालं, बरी खोड मोडेल. कुणी म्हणालं, पोटासाठी नोकरी करतोय बिचारा; आपल्याकडं दुसरी बरी नोकरी आहे कुठली? पुलावर नाहीतर तुरुंगावर. आणि एका दुपारी रोएलची आई चेलो, कपडे धुण्याच्या दुकानात काम करणारी, फिनाच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे हात साबणानं पांढरे पडले होते.

"बसायला सांगू नकोस, बसणार नाही," चेलो म्हणाली. "माझ्या पोराला दोन लेकरं आहेत. घरावर कर्ज आहे. घर घेणार आहेस त्याचं?"

"घर नको मला चेलो."

"मग कागदात तो आकडा कशाला घातलायस?"

"आकडा घातल्याशिवाय भरपाईचा दावा होतच नाही म्हणे. मी म्हटलं एक डॉलर लिहा, तर वकीलबाई हसल्या."

"तुझ्या जागी दुसरी असती तर मेणबत्ती लावून देवावर सोपवलं असतं."

"देवाला ठाऊक आहेच गं. मला ठाऊक नाही, ही अडचण आहे."

"काय ठाऊक नाही?"

"मला ओळखून केलं, की न ओळखता. तू आई आहेस, तू विचार त्याला. तो 'नाही ओळखलं' एवढं म्हणाला तरी मी उद्या दावा काढून घेते. आईशप्पथ."

चेलो न बसण्याचं विसरून पायरीवर बसली. "विचारलं होतं," ती म्हणाली. "वकिलानं तोंड बांधलंय म्हणाला. मी म्हटलं, आईपाशी कसला वकील? तर ताटावरून उठून गेला. आपल्या घरात जेवताना तो कधी उठत नाही, फिना. लहानपणापासून नाही."

चेलो गेली ती पुन्हा आली नाही, पण गावात फिनाबद्दल वाईट बोलणंही तिनं सोडलं.

पुढच्या वर्षी सरकारनं निरोप पाठवला. दुसऱ्या एका कायद्याखाली सरकार स्वतः रक्कम द्यायला तयार होतं, आणि ती बऱ्यापैकी होती. अट एवढीच, की ती घेतली की रोएलवरचा दावा कायमचा मिटेल. त्याचं नाव कागदातून जाईल, आणि त्या दिवसाबद्दल त्याला कुणी कधी काही विचारू शकणार नाही.

"घे आई," मारिसेला म्हणाली. "छप्पर गळतंय. दवाखान्याची बिलं आहेत, बाबांची. तू शाळेत उभी राहून पाय घालवलेस. आणि बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"घे म्हणाले असते. म्हणाले असते, सरकारलाही लाज वाटली बघ."

"मग?"

"मग ते चूक ठरले असते की मी, हे कधी कळलं नसतं. मला त्यांच्याशी भांडायचंय अजून. एवढं एकच भांडण राहिलंय माझ्याकडं, ते विकू का मी?"

मारिसेला चिडली, रडली, आठ दिवस आली नाही. शहाण्या लोकांनी फिनाला वेडी ठरवलं. त्यात मीही होतो. ट्रॉटरबाईंनी तिला तीनदा समजावलं, की रक्कम हातची जाईल आणि दुसऱ्या बाजूला काहीच हाती न येण्याची शक्यता मोठी आहे. फिनानं तीनदा ऐकून घेतलं आणि तीनदा नाही म्हणून मान हलवली.

इथल्या कोर्टानं दावा काढून टाकला. वरचं कोर्ट लांब, दुसऱ्या राज्यात. तिथं गेल्यावर आणखी वर्ष गेलं. मग एक दिवस ट्रॉटरबाई फोन न करता स्वतः आल्या. फिनानं त्यांचं तोंड पाहूनच ओळखलं.

"न्यायाधीश म्हणतात, तुमचं सगळं खरं धरून चालू," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथल्याच नागरिक, सही दमदाटीनं घेतली, हे सगळं. तरीही भरपाई मागता येत नाही. सीमेच्या रक्षणाचा मामला आहे, त्यात कोर्टानं हात घालू नये. पाहिजे तर संसदेनं कायदा करावा."

"म्हणजे तो बोलला काय त्यावर?"

"कोण?"

"रोएल."

"त्याला बोलायची वेळच आली नाही, मिसेस बारिएन्तोस. खटला तिथवर पोचलाच नाही. आता त्याला कधीच यावं लागणार नाही."

आणि बाईच रडायला लागल्या. फिनानं त्यांना आत नेलं, गरम तॉर्तिया आणि भात वाढला, खाऊ घातलं, गाडीपर्यंत पोचवलं. गाडी दिसेनाशी झाल्यावर परत अंगणात येऊन खुर्चीवर बसली. आतून ती अगदी रिती झाली होती. हरल्याचं तिला वाटत नव्हतं. कुणीतरी विचारायचं राहून गेलं होतं, एवढंच वाटत होतं, आणि ते फार वाईट होतं.

नोव्हेंबरात मृतांचा सण आला. निकानोरची कबर तिनं स्वच्छ केली, फुलं घातली. आईची कबर पलीकडं होती, पाल्मितोत. परत आल्यापासून फिनानं पुलावर पाय ठेवला नव्हता. आईची फुलं ती मारिसेलाच्या हाती पाठवायची. पण त्या दिवशी तिनं पासपोर्ट घेतला, झेंडूचा भारा उचलला आणि मारिसेलालाही न सांगता निघाली. पलीकडं जाताना कुणी विचारत नाही. तिनं आईच्या कबरीवरचं गवत उपटलं, फुलं मांडली, थोडी बोलली आणि परत फिरली.

अलीकडं येणाऱ्यांच्या दोन रांगा होत्या. एका काचेमागं कुणी नवी मुलगी होती, दुसऱ्या काचेमागं रोएल. मुलीची रांग संपत आली होती, तिनं फिनाला हातानं बोलावलंही. फिना रोएलच्या रांगेतच उभी राहिली. ज्याला कोर्टात आणता आलं नाही तो इथं रोज आठ तास बसतो, आणि समोर येईल त्याच्याशी बोलणं ही त्याची नोकरीच आहे, हे तिच्या आधी कसं लक्षात आलं नाही, याचं तिला नवल वाटलं. खरं तर लक्षात आलं होतं. धीर आज झाला होता.

तिची पाळी आली. रोएलनं मान वर न करता हात पुढं केला. पासपोर्ट उघडला आणि त्याचा हात थांबला. तो जाड झाला होता, कानांवरचे केस पिकायला लागले होते.

"नागरिकत्व?" तो इंग्रजीत म्हणाला.

"अमेरिकन."

"पलीकडून काही आणलंय?"

"काही नाही. फुलं होती, ती आईपाशी ठेवून आले."

त्यानं पासपोर्ट यंत्राखाली धरला. पडद्याकडं पाहत राहिला.

"रोएल," फिना म्हणाली. "त्या दिवशी तू मला ओळखलं होतंस का?"

मागं कुणी बाई पोराला रागावत होती. कुणीतरी म्हणालं, "सरका की पुढं, आजी." रोएलनं आधी बाजूला पाहिलं, मग मागं पाहिलं. त्याच्यामागं कुणी नव्हतं. 'नाही' म्हणाला असता तर कुणी त्याला खोटं पाडणार नव्हतं. न कोर्ट, न वकील, न फिना. तिनं त्या शब्दाला जागा करून ठेवली होती, किती वर्षं.

"हो," तो म्हणाला, स्पॅनिशमध्ये. "दारातून आत आलो तेव्हाच. मिस फिना, तेव्हा माझा वरिष्ठ—"

"थांब," फिना म्हणाली. "का, ते नको सांगूस. ते ऐकायला मी कोर्टात थांबले होते, तेव्हा तू आला नाहीस."

त्याचे डोळे भरले होते. ते खरे होते, हे तिला दिसत होतं, आणि त्याचं तिला काही करता येत नव्हतं. तिनं काचेखालून आपला पासपोर्ट घेतला आणि पूल उतरून सौसालात आली.

बसथांब्याच्या बाकावर ती टेकली. पैज ती जिंकली होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवरून नवऱ्याशी भांडली, तिचा निकाल लागला होता आणि तो तिच्या बाजूनं लागला होता. तो गेल्यापासून असा एक दिवस गेला नव्हता, एक संध्याकाळ गेली नव्हती, की तो समोरच्या खुर्चीवर असता तर, असं तिच्या मनात आलं नाही. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, तो नाही तेच बरं झालं. त्या पोराला चांगलं समजूनच तो गेला. आपण असं म्हटलं, निकानोर नाही ते बरं असं आपण म्हटलं, हे कळलं तेव्हा फिना त्या बाकावर, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, गेल्या सगळ्या वर्षांचं रडली.